चष्म्याच्या काडीत मावणारा प्रोजेक्टर आणि त्याची काचेची लेन्स

बोट डोळ्यापासून दोन सेंटिमीटरवर धरलं तर ते धूसरच दिसतं. कितीही डोळे ताणले तरी त्यावरच्या रेषा मोजता येत नाहीत. निरोगी डोळ्यालाही साधारण 25 सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मग चष्म्याच्या काडीत बसवलेल्या, डोळ्याला जवळजवळ चिकटलेल्या इवल्याशा पडद्यावरचा मजकूर स्पष्ट कसा काय दिसतो? आणि तोही समोरच्या रस्त्यावर, दूर हवेत तरंगत असल्यासारखा?

हे काम करते एक लेन्स. खरं तर चार-पाच लेन्सची एक नळी, सगळी मिळून एखाद्या काबुली चण्याएवढी. स्मार्ट चष्म्यांबद्दल लिहिणारे लोक पॅनेलबद्दल भरभरून लिहितात, वेव्हगाइडबद्दल त्याहून जास्त. या दोघांच्या मधे बसलेल्या लेन्सचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकतात. मला हे खटकतं, कारण चष्मा किती जाड होणार, अक्षरं किती टोकदार दिसणार, बॅटरी किती टिकणार याचे बरेचसे निर्णय या नळीतच होतात.

आधी सगळी रचना एकदा पाहू. काडीच्या पुढच्या टोकाला, बिजागरीजवळ, एक चिमुकलं पॅनेल असतं. त्यावर चित्र उमटतं. पॅनेलसमोर लेन्स. लेन्समधून निघालेला प्रकाश चष्म्याच्या काचेत शिरतो. ही काच म्हणजेच वेव्हगाइड. तिच्या आत पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत प्रकाश पुढे सरकतो आणि डोळ्यासमोर आल्यावर थोडा थोडा करून बाहेर पडतो. काच पारदर्शकच राहते, त्यामुळे समोरचं जगही दिसतं आणि त्यावर अक्षरंही दिसतात.

जागेचा कोन करायचा

बहिर्वक्र भिंगाच्या नाभीवर दिवा ठेवला की पलीकडून समांतर किरण निघतात. आपली लेन्स नेमकं हेच करते, फक्त एका दिव्याऐवजी तिच्यासमोर लाखो ठिपके असतात. मधल्या ठिपक्याचा झोत सरळ निघतो. कडेच्या ठिपक्याचा झोतही समांतरच असतो, पण तिरका. म्हणजे पॅनेलवरची प्रत्येक जागा लेन्सपलीकडे एकेक कोन होऊन बाहेर पडते. समांतर झोत डोळ्याला सोयीचे असतात, कारण चांदणीचा प्रकाशही डोळ्यात असाच येतो. ताण न देता डोळा त्या झोताचा पुन्हा ठिपका करतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊ, म्हणजे गोष्ट पक्की होईल. जेड बर्ड डिस्प्ले या कंपनीचं 0.13 इंची मायक्रो-एलईडी पॅनेल अनेक चष्म्यांत वापरलं गेलं आहे. त्यावर 640 × 480 ठिपके आहेत आणि लगतच्या दोन ठिपक्यांत 4 मायक्रॉनचं अंतर आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गुणाकार केला की पॅनेल 2.56 × 1.92 मिलिमीटरचं भरतं आणि त्याचा कर्ण 3.2 मिलिमीटर. हे चित्र डोळ्याला कर्णात 30 अंशांचं दिसावं असं ठरवलं, तर मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे 1.6 मिलिमीटर 15 अंशांत बसले पाहिजेत. 1.6 ला 15 अंशांच्या टॅनने भागलं की नाभीय अंतर येतं 6 मिलिमीटर.

या एका आकड्यातून पुढचं बरंच काही ठरतं. एका अंशात सुमारे 26 ठिपके पडतात. तीक्ष्ण नजरेला एका अंशात 60 पर्यंत ठिपके वेगळे ओळखता येतात, त्यामुळे 26 वर अक्षरं वाचता येतात पण जरा खरबरीत दिसतात. चित्र मोठं करायचं म्हणून नाभीय अंतर 4 मिलिमीटर केलं तर तेच ठिपके आणखी फाकतात. मेटाने 2025 मध्ये आणलेल्या रे-बॅन डिस्प्ले चष्म्यात चित्र 600 × 600 ठिपक्यांचं आणि 20 अंशांचं आहे. कर्णावर साधारण 848 ठिपके येतात, त्यांना 20 ने भागलं की 42. कंपनी अंशामागे 42 ठिपके सांगते, तो आकडा असा जुळतो. त्यांनी चित्र लहान ठेवलं आणि अक्षरांची धार राखली. वाचण्यासाठीच्या चष्म्यात मला हीच निवड योग्य वाटते.

छिद्र लेन्सच्या बाहेर

फोटोच्या लेन्समध्ये प्रकाश आवळणारं छिद्र बहुतेक वेळा मधोमध असतं. पुढे काही काचा, मागे काही काचा. या समतोलाचा फार मोठा फायदा असतो: पुढच्या काचांनी चित्रात आणलेला वाकडेपणा आणि रंगांच्या कडा मागच्या काचा बऱ्याच अंशी पुसून टाकतात.

आपल्या नळीला ही चैन नाही. सगळ्या ठिपक्यांचे झोत, सरळ आणि तिरके, एका ठरावीक वर्तुळात एकमेकांना छेदले पाहिजेत, आणि ते वर्तुळ लेन्सच्या बाहेर, वेव्हगाइडच्या प्रवेशदारावर पडलं पाहिजे. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. हे दार छोटं असतं, बहुतेकदा 3 मिलिमीटरच्या आसपास. ते मोठं केलं तर काचेत शिरलेला प्रकाश पहिलीच उडी मारून परत त्याच दारावर आदळतो आणि काही भाग आल्या वाटेने बाहेर निघून जातो. वेव्हगाइड जेवढा पातळ, तेवढी उडी आखूड, आणि तेवढं दार लहान ठेवावं लागतं.

म्हणजे छिद्र एका टोकाला आणि सगळ्या काचा दुसऱ्या बाजूला. समतोल गेला. कडेचं चित्र वाकणं, रंग सुटणं, ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटणं, या सगळ्याचा बंदोबस्त काचांनी एकाच बाजूने करायचा. शिवाय प्युपिल लेन्सपासून जितकं दूर, तितकी पहिली काच मोठी. 15 अंशांचे तिरके झोत पकडायचे तर दर मिलिमीटरमागे काचेचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो. प्युपिल 1.5 मिलिमीटरवर असेल तर पहिल्या काचेला 3.8 मिलिमीटर पुरतात, 5 मिलिमीटरवर गेलं की 5.7 लागतात. चष्म्याच्या काडीत हा फरक नजरेत भरतो. म्हणून यांत्रिक रचना करणारा आणि लेन्स आखणारा यांची पहिली खडाजंगी याच अंतरावरून होते: एकाला मधे बिजागरी आणि धूळ अडवणारी पट्टी बसवायची असते, दुसऱ्याला एक दशांश मिलिमीटरही सोडवत नाही.

पॅनेलच्या बाजूलाही एक अट असते. प्रत्येक ठिपक्यातून लेन्सने उचललेल्या प्रकाशाचा मधला किरण पॅनेलला काटकोनात असावा. अशा लेन्सला टेलिसेंट्रिक म्हणतात. रे-बॅन डिस्प्लेमध्ये आहे तसं एलकॉस पॅनेल असेल, म्हणजे स्वतः न उजळता बाहेरून पडलेला प्रकाश परतवणारं, तर ही अट फारच कडक होते. कारण तिथे काळा आणि पांढरा यातला फरक प्रकाशाच्या ध्रुवणावर, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात यावर, अवलंबून असतो आणि तिरक्या किरणांचं ध्रुवण बिघडतं. मायक्रो-एलईडीचे ठिपके स्वतः उजळतात, तिथे थोडी सूट मिळते.

प्रकाश उचलणं

मायक्रो-एलईडीचा ठिपका सगळ्या दिशांना प्रकाश उधळतो. लेन्स त्यातला एक शंकूच पकडते. नाभीय अंतर 6 आणि प्युपिल 3 मिलिमीटर, म्हणजे फोटोग्राफरांच्या भाषेत एफ-2. एफ-2 हे ऐकायला दणदणीत वाटतं, पण असा सर्वत्र पसरणारा ठिपका असेल तर त्यातला जेमतेम सहा टक्के प्रकाश लेन्सच्या शंकूत येतो. उरलेला नळीच्या आतल्या काळ्या भिंतींवर जाऊन उष्णता होतो. ठिपक्यांवरच सूक्ष्म भिंगं बसवून प्रकाश पुढच्या दिशेला झुकवता येतो आणि तसं करतातही, पण हिशेबाचा पाया तोच राहतो.

मग एफ-1.5 करावी? शंकू अकरा टक्क्यांवर जातो, जवळपास दुप्पट प्रकाश. पण नाभीय अंतर तेच ठेवलं तर प्युपिल 4 मिलिमीटरचं होतं आणि ते वेव्हगाइडच्या दारात मावत नाही. प्युपिल 3 वर अडवून नाभीय अंतर 4.5 केलं तर कोन वाढतो आणि ठिपके फाकतात. पॅनेलचा आकार, शंकूचा कोन, प्युपिलचा व्यास आणि चित्राचा कोन हे चौघे एकमेकांना बांधलेले आहेत. प्रकाशशास्त्रात यामागे अक्षय्यतेचा एक नियम आहे: प्रकाशाने व्यापलेलं क्षेत्रफळ आणि त्याचा कोनीय पसारा यांचा गुणाकार कुठलीही लेन्स कमी करू शकत नाही. कितीही हुशार डिझायनर आणला तरी हा गुणाकार हलत नाही. चष्मा कंपन्यांकडून "चित्र मोठं, पॅनेल लहान, उजेड दुप्पट, जाडी निम्मी" अशी मागणी येते तेव्हा पहिलं काम असतं हा गुणाकार त्यांच्यासमोर कागदावर मांडणं.

आणि हा उचललेला प्रकाशही सगळा डोळ्यात जात नाही. नॅनो-रेषांच्या जाळीवर चालणाऱ्या वेव्हगाइडमधून डोळ्यापर्यंत बरेचदा शेकडा एखादाच टक्का पोचतो. म्हणून पॅनेलला लाखो निट्सनी (निट हे उजेडाचं एकक) उजळावं लागतं आणि लेन्समध्ये सांडलेला प्रत्येक टक्का थेट बॅटरीतून वसूल होतो.

मोबाइलची लेन्स उलटी का लावत नाहीत

हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो चांगला प्रश्न आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याची लेन्सही इवलीशी, तिचंही नाभीय अंतर पाच-सहा मिलिमीटरच्या घरात, एफ-1.8 वगैरे, आणि ती कोट्यवधींच्या संख्येने स्वस्तात बनते. सहा-सात प्लॅस्टिकच्या पाकळ्या एकावर एक. ती उलटी करून मागे पॅनेल ठेवलं की झालं की!

पहिली अडचण टेलिसेंट्रिक अटीची. मोबाइलच्या लेन्समधून सेन्सरच्या कडेला पडणारे किरण तीस अंशांहूनही तिरके असू शकतात. सेन्सरवरची सूक्ष्म भिंगं त्या हिशेबाने सरकवलेली असतात म्हणून तिथे चालून जातं. उलट्या मांडणीत पॅनेलच्या कडेच्या ठिपक्यांकडून तेवढाच तिरका प्रकाश मागावा लागेल. मायक्रो-एलईडी तो कसाबसा देईल आणि कडा काळवंडतील, एलकॉस देणारच नाही.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि इथेच काच का हवी याचं उत्तर आहे. प्लॅस्टिक तापलं की फुगतं आणि त्याचा अपवर्तनांकही घसरतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने: नाभीय अंतर वाढतं. ॲक्रिलिकसाठी ही वाढ एका अंश सेल्सिअसला दहा हजारात जवळपास तीन भाग इतकी भरते. ऐकायला क्षुल्लक आहे. पण आपली 6 मिलिमीटरची लेन्स पूर्ण ॲक्रिलिकची धरली आणि तापमान 40 अंशांनी वाढलं, तर नाभी सुमारे 68 मायक्रॉन सरकते. एफ-2 ला फोकसची मोकळीक किती? दोन्ही बाजूंना चार-चार मायक्रॉन. 68 विरुद्ध 4.

हाच फरक चष्म्याच्या नंबरात मांडला की जास्त कळतो. 6 मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्ससमोर पॅनेल फक्त 10 मायक्रॉन सरकलं तर बाहेर पडणाऱ्या झोतांत पाव नंबरहून किंचित जास्त फरक पडतो. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासताना पाव नंबरची पायरी असते. 68 मायक्रॉन म्हणजे जवळपास दोन नंबर. दूर अनंतावर तरंगणारं चित्र अर्ध्या मीटरवर येऊन बसतं. निव्वळ डोळा असता तर त्याने जुळवून घेतलं असतं. पण वेव्हगाइड जुळवून घेत नाही. तो एका झोताच्या अनेक प्रती काढून डोळ्यासमोर पसरतो, आणि झोत समांतर नसेल तर प्रत्येक प्रत किंचित वेगळ्या कोनात दिसते. अक्षराला दुहेरी-तिहेरी कडा येतात.

मोबाइलला हा त्रास का होत नाही? तिथे ऑटोफोकसची मोटर असते. लेन्स तापून फोकस हलला की मोटर तो परत आणते, आपल्याला कळतही नाही. चष्म्याच्या काडीत मोटरीला ना जागा, ना वीज. आणि उष्णता मात्र भरपूर: शेजारी तापणारं पॅनेल, वर एप्रिलचं ऊन, पलीकडे कपाळ.

एन-बीके7 सारखी साधी काच घेतली तर तिचं फुगणं आणि अपवर्तनांकाचा बदल जवळजवळ एकमेकांना कापतात. त्याच 40 अंशांत नाभी अर्धा मायक्रॉनही हलत नाही. उलट ज्या ॲल्युमिनियमच्या नळीत काचा बसवल्या ती नळीच साडेपाच मायक्रॉन वाढते आणि गुन्हेगार लेन्स न राहता नळी होते! मग डिझायनर काचांची निवड अशी करतो की त्यांचा एकत्रित बदल नळीच्या वाढीशी जुळावा. धन आणि ऋण शक्तीच्या, म्हणजे बहिर्वक्र आणि अंतर्वक्र, प्लॅस्टिक लेन्स जोडूनही हा प्रश्न काही प्रमाणात सोडवता येतो. एखाद-दुसरी प्लॅस्टिक लेन्स काचांच्या सोबतीला ठेवून किंमत खाली आणण्याची पद्धतही रुळलेली आहे. पण मुख्य ताकद काचेकडेच ठेवावी असं माझं मत आहे.

काचेवरचा नेहमीचा आक्षेप वजनाचा. प्लॅस्टिकचं एक घन सेंटिमीटर सव्वा ग्रॅमच्या आसपास, भारी काचेचं चार ग्रॅमहून जास्त. व्हीआर हेडसेटच्या चाळीस-पन्नास मिलिमीटर रुंद भिंगांत हा फरक मानेला जाणवतो, तिथे प्लॅस्टिकच हवं. पण आपल्या नळीतली काच सगळी मिळून एक दशांश घन सेंटिमीटर. चार दशांश ग्रॅम. इतक्या लहान आकारात वजनाचा मुद्दाच उरत नाही.

वाकलेलं चित्र सपाट करायचं

एकच बहिर्वक्र भिंग घेतलं तर ते सपाट पॅनेलचा सपाट फोकस देत नाही. त्याला आवडणारा पृष्ठभाग वाटीसारखा वाकलेला असतो. 6 मिलिमीटर नाभीय अंतर आणि 1.5 अपवर्तनांक असेल तर त्या वाटीची त्रिज्या 9 मिलिमीटर येते. मध्याला फोकस केलं तर कोपऱ्यावर फोकस 142 मायक्रॉनने चुकतो. चष्म्याच्या हिशेबात जवळजवळ चार नंबर! मधला शब्द लख्ख आणि कोपऱ्यातली वेळ गायब, अशी अवस्था.

या वक्रतेचं गणित व्हिएन्नातल्या योझेफ पेत्झवालच्या नावाने ओळखलं जातं. 1840 मध्ये त्याने व्यक्तिचित्रांसाठीची जलद लेन्स हाताने आकडेमोड करून आखली आणि फोइग्टलेंडर या भिंगं बनवणाऱ्या कारखानदाराने ती बनवली. पेत्झवालचा नियम सांगतो की प्रत्येक लेन्सची ताकद तिच्या अपवर्तनांकाने भागायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज शून्याजवळ आली की चित्र सपाट. मजा अशी की या बेरजेत काचांमधली अंतरं येतच नाहीत. म्हणजे अंतर्वक्र भिंग कुठेही ठेवा, बेरजेतून ते आपला वाटा वजा करणारच. मात्र एकूण ताकदीवर त्याचा परिणाम ते कुठे ठेवलं यावर ठरतो. जिथे झोत अरुंद झालेला असतो, म्हणजे पॅनेलच्या जवळ, तिथे ते ठेवलं की ताकद फारशी न घटवता चित्र सपाट होतं. या युक्तीवर निम्म्या रचना उभ्या आहेत.

अपवर्तनांकाने भागायचं असल्याने बहिर्वक्र भिंगांना जड, जास्त अपवर्तनांकाची काच लाभते: 1.8, 1.9, अगदी 2.0 पर्यंत. लँथेनम घातलेल्या काचा इथे कामी येतात. त्यांचे पृष्ठभागही कमी वाकवावे लागतात, नळी आखूड होते. प्लॅस्टिक 1.5 ते 1.7 च्या पट्ट्यात अडकतं.

रंगांचाही हिशेब आहे. काच वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी वाकवते. हे किती, ते सांगणारा आकडा एर्न्स्ट आबेच्या नावाने चालतो. आबे, कार्ल झाइस आणि ऑटो शॉट यांनी जर्मनीतल्या येना इथे 1884 मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली आणि तोवर नसलेल्या गुणांच्या काचा मिळू लागल्या. आज डिझायनरपुढे शेकडो काचांची यादी असते आणि ती निवड हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग असतो. कुणी म्हणेल, पॅनेल फक्त हिरवं असेल तर रंगाची काळजी कशाला? पण हिरव्या एलईडीचा प्रकाशही एका शुद्ध तरंगलांबीचा नसतो, तो 30 नॅनोमीटरभर पसरलेला असतो. एकट्या बीके7 च्या भिंगात तेवढ्यानेही फोकस 20 मायक्रॉन ताणला जातो. मोकळीक आठवा: चार.

कारखान्यातली चूक लहान होत नाही

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. मोठ्या प्रोजेक्टरची उत्तम लेन्स संगणकात घेऊन दहापट लहान केली तर? कागदावर ती बिनतक्रार चालते. सगळ्या त्रिज्या दहापट लहान, सगळ्या जाड्या दहापट लहान आणि किरणांच्या वाकडेपणाचे दोषही दहापट लहान होतात. पण लेथची, साच्याची, गोंदाची आणि हाताची चूक दहापट लहान होत नाही. मोठ्या लेन्समध्ये 10 मायक्रॉन सरकलेली काच कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या नळीत ती अडीच ठिपके आहे.

म्हणून संगणकावर सर्वांत टोकदार दिसणारी रचना अनेकदा निवडू नये अशीच असते. तिच्यात किरण एका पृष्ठभागावर खूप वाकतात आणि पुढचा पृष्ठभाग तेवढेच उलट वाकवून हिशेब बरोबर करतो. दोघे आपापल्या जागी असतील तोवर चित्र सुरेख. पाच मायक्रॉन सरकले की दोघांचे दोष उघडे पडतात. अनुभवी डिझायनर किरणांची वाट बघतो: प्रत्येक पृष्ठभागावर थोडं थोडं, सौम्य वळण. मग तो संगणकाला सांगतो की प्रत्येक काच यादृच्छिकपणे चार-पाच मायक्रॉन सरकव, दोन-तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कलव, जाडी दहा मायक्रॉन चुकव, आणि अशा हजारो काल्पनिक नळ्या बनवून दाखव. त्यातल्या किती विकण्याजोग्या निघतात, तोच रचनेचा खरा निकाल.

असं सौम्य वळण कमी काचांत साधायचं तर गोलाकार नसलेले, म्हणजे ॲस्फेरिक पृष्ठभाग लागतात. एवढ्या लहान काचेला तो आकार घासून देणं महाग पडतं, म्हणून काच साच्यात दाबून घडवतात. टंगस्टन कार्बाइडचा साचा हिऱ्याच्या चाकाने तयार करतात, त्यावर काच चिकटू नये असा लेप देतात. काचेचा गोळा आत ठेवून, हवा काढून किंवा नायट्रोजन भरून, तो मऊ होईपर्यंत तापवतात, दाबतात आणि सावकाश थंड करतात. यासाठी कमी तापमानाला मऊ होणाऱ्या खास काचा असतात. शॉट या जर्मन काच कंपनीच्या यादीत त्यांच्या नावाआधी पी असतो, ओहारा या जपानी कंपनीच्या यादीत एल. थंड होण्याच्या वेगाने काचेचा अपवर्तनांक किंचित घसरतो, तेव्हा यादीतला आकडा न वापरता साच्यातून निघाल्यानंतरचा आकडा रचनेत घालावा लागतो. नवखे लोक हे विसरतात आणि पहिल्या नमुन्यांचा फोकस लागत नाही. काचेची कडही फार पातळ चालत नाही, दाबताना तडकते. आणि पॅनेल आयताकृती असल्याने लेन्सच्या वरच्या-खालच्या भागातून फारसा प्रकाश जात नाही. तो भाग सपाट कापून टाकतात, नळीची उंची कमी होते आणि काडी बारीक राहते.

शेवटची जोडणी पाहण्यासारखी असते. काचा नळीत बसल्या, चिकटल्या. पॅनेल मात्र मोकळंच. एका यंत्राच्या चिमट्याने ते धरलेलं असतं आणि उजळलेलं असतं. लेन्सच्या पलीकडे डोळ्याच्या जागी कॅमेरे, एक मध्याकडे आणि चार कोपऱ्यांकडे. पॅनेलवर बारीक रेघांची नक्षी. चिमटा पॅनेल पुढे-मागे करतो, डावी-उजवीकडे सरकवतो, किंचित कलवतो, फिरवतो. पडद्यावर पाच आलेख चढतात-उतरतात. मधला आलेख शिखरावर आला तेव्हा उजवा कोपरा घसरलेला असतो. पॅनेल केसभर कलवलं की उजवा वर येतो आणि डावा थोडा खाली. पाचही जणांना मान्य होईल अशी जागा सापडली की चिमटा थांबतो, आधीच लावलेल्या गोंदावर अतिनील प्रकाश पडतो आणि काही सेकंदांत पॅनेल कायमचं तिथे बसतं. गोंद सुकताना आकसतो, तेव्हा तो किती मायक्रॉन आकसेल हे आधीच धरून पॅनेल तेवढं आधी थांबवलेलं असतं.

परत फिरणारा प्रकाश

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो. 1.8 च्या काचेवरून 8 टक्के. चार लेन्सचे आठ पृष्ठभाग धरले तर बिनालेपाच्या नळीतून निम्माच प्रकाश पार होतो. परावर्तनरोधक लेप दिला आणि परतणारा भाग 0.3 टक्क्यावर आणला की 97 टक्क्यांहून जास्त पार होतो. पण प्रश्न फक्त गळतीचा नाही. परतलेला प्रकाश पॅनेलवर जाऊन आदळतो, पॅनेल आरशासारखं चकाकतं आणि चित्राच्या विरुद्ध कोपऱ्यात फिकट जुळं उमटतं. दिवसा ते दिसत नाही. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर बाणाच्या खुणेसमोर दुसरा पुसट बाण दिसतो आणि माणूस गोंधळतो. म्हणून प्रत्येक पृष्ठभागाच्या जोडीसाठी हे जुळं कुठे फोकस होतं ते तपासतात. ते नेमकं पॅनेलवरच फोकस होत असेल तर तेवढ्यासाठी त्या काचेची त्रिज्या बदलतात, मूळ चित्राची धार थोडी कमी झाली तरी.

पूर्ण रंगीत चित्र हवं असेल तर हे सगळं आणखी आवळलं जातं. लाल, हिरवं आणि निळं अशी तीन पॅनेलं एका काचेच्या ठोकळ्याच्या तीन बाजूंना लावतात. ठोकळ्याच्या आतले तिरके थर तिन्ही रंग एका वाटेला लावतात. 5 मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे लेन्स आणि पॅनेल यांच्यात हवेच्या हिशेबाने सव्वातीन मिलिमीटरची सक्तीची पोकळी. पॅनेलजवळ ठेवायचं ते चित्र सपाट करणारं अंतर्वक्र भिंग आता तिथे मावत नाही, ते पलीकडे ढकलावं लागतं. शेवटची काच जवळपास 5 मिलिमीटर रुंद होते. तिन्ही पॅनेलं एकमेकांशी ठिपक्याच्या अंशभर अचूकतेने जुळावी लागतात, नाहीतर पांढऱ्या अक्षराला लाल-निळी झालर येते. प्रत्येक रंगाचं चित्र संगणकात आधीच किंचित ताणून ही झालर कमी करता येते. पण 640 ठिपक्यांच्या पॅनेलवर चित्र ताणलं की बारीक अक्षरांची धार जाते, आणि त्या गणितालाही वीज लागते. त्यात इतके लहान लाल ठिपके हिरव्याइतके कार्यक्षम नसतात, आणि डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील. मायक्रो-एलईडीच्या हलक्या चष्म्यांमधली पहिली अक्षरं हिरवी असण्यामागे ही सगळी कारणं आहेत, आणि त्यातली निम्मी लेन्सची आहेत.